मला का मारतोस?

श्रोतेहो, नमस्कार.

प्रभू येशूला धरून माजी महायाजक हन्ना याच्यासमोर उभे केले, त्या रात्रीचा प्रसंग योहानाने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवला आहे. हात बांधलेले होते. त्याच्या शिकवणीविषयी चौकशी सुरू होती. त्याने सरळ उत्तर दिले आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने त्याला चपराक मारली. 'एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर' असे डोंगरावर शिकवणारा हाच गुरू. आता तो काय करतो? तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सिद्ध कर. योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?

आपल्या विश्वासावरून कोणी आपला द्वेष केला तर कसे वागावे, असे मला कोणी विचारले की मी याच वचनापाशी येऊन थांबतो. येशूने उलट हात उचलला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पण अन्यायाला न्याय म्हणून मान खाली घालून तो गप्पही बसला नाही. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे तोंड बंद ठेवणे, हा अर्थ आपण जोडला आहे. सूड घ्यायचा नाही, एवढेच त्याने शिकवले. खरे बोलू नका, असे त्याने कधीच सांगितले नाही.

फिलिप्पै शहरात ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चारचौघांत वेताचे फटके मारले, तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे गाणी गात होते, हे आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या, हेही आपल्याला ठाऊक असते. पुढचा भाग मात्र मंडळीत फार कमी वेळा वाचला जातो. सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांकडून निरोप आला, 'या माणसांना सोडून द्या.' पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक असून चौकशी न करता आम्हाला उघडपणे मारले, आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असे त्याने सांगितले. आणि अधिकारी आले, त्यांनी विनवण्या केल्या.

हा पौलाचा अहंकार होता का? मला तसे वाटत नाही. तो त्याच दिवशी शहर सोडून जाणार होता, पण तिथे नुकतीच विश्वासात आलेली लुदिया आणि तिच्या घरी जमणारे नवे विश्वासणारे तिथेच राहणार होते. 'यांना कसेही मारले तरी चालते' असा पायंडा त्यांच्या शहरात पडू नये, हे त्याने पाहिले असावे. पुढे कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, न्याय मागणाराही हाच पौल होता. म्हणून कोणी हल्ला केला, प्रार्थनेची जागा फोडली, तर कायद्याची दाद मागणारा बंधू किंवा भगिनी विश्वासात कमी पडली, असे कृपा करून म्हणू नका. क्षमा मनात होते, तक्रार कागदावर होते. दोन्ही एकाच माणसाला करता येतात.

आता जरा कठीण गोष्ट. प्रत्येक विरोध हा ख्रिस्तासाठी सोसलेला छळ नसतो. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बजावतो की, तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. ढवळाढवळ करणाऱ्याला त्याने चोराच्या आणि खुन्याच्या रांगेत बसवले आहे! आपण दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची टिंगल केली आणि लोक चिडले, तर तो वधस्तंभ नव्हे. इफिस शहरात पौलाने दोन वर्षे उपदेश केला. तिथे दंगल उसळली तेव्हा नगराच्या लेखकाने, म्हणजे विरोधकांच्याच शहराच्या अधिकाऱ्याने, जमावाला सांगितले की ही माणसे देवळे लुटणारी नाहीत, आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. आपल्याविषयी अशी साक्ष आपल्या विरोधकांना देता येईल का? मला हा प्रश्न फार बोचतो.

काही जण धैर्याच्या नावाखाली संकट अंगावर ओढून घेतात. स्मुर्णा शहरातला वृद्ध बिशप पॉलिकार्प सुमारे इसवी सन 155 मध्ये हुतात्मा झाला. त्याची हकिगत लिहिणाऱ्यांनी क्विंटस नावाच्या माणसाचाही उल्लेख केला आहे. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे आला, इतरांनाही पुढे ढकलले आणि हिंस्र श्वापदे पाहताच कच खाल्ली. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर जाऊन राहिला होता. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात जा, हे प्रभूचेच सांगणे आहे. शेवटी शिपाई दाराशी आले तेव्हा तो खाली उतरला, त्यांना खायला-प्यायला द्या म्हणाला आणि प्रार्थनेसाठी तेवढा वेळ मागून घेतला. ख्रिस्ताला नाकार म्हटल्यावर, 86 वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, असे त्याने उत्तर दिले.

त्याला धरायला आलेल्यांना त्याने जेवू घातले. या एका कृतीपुढे आपली किती भाषणे फिकी पडतात! आज आपल्या हाती मोबाइल असतो. कुठे हल्ला झाल्याचा व्हिडिओ येतो, खाली लिहिलेले असते 'सगळ्यांना पाठवा', आणि आपण तो केव्हाचा, कुठला, हे न पाहता पुढे पाठवतो. त्यासोबत एका अख्ख्या समाजाला दोषी ठरवणारे वाक्यही जाते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा छळ सोसणाऱ्यालाही लागू आहे. शोमरोन प्रांतातल्या एका गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले होते. प्रभूने त्यांनाच धमकावले, आणि ते दुसऱ्या गावाला गेले.

ज्यांना आज मार बसला आहे, ज्यांचे माणूस गेले आहे, त्यांना मी 'लगेच क्षमा करा' असे सांगणार नाही. रडा. स्तोत्रांत आक्रोश भरलेला आहे, तोच मोठ्याने वाचा. मंडळीने आधी त्यांच्या घरी जावे, दवाखान्याचे आणि वकिलाचे पाहावे, मुलांच्या शाळेचे पाहावे, उपदेश नंतर. आणि तक्रार लिहायला बसाल तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. ज्याने मारले त्याचेच नाव लिहा, त्याच्या धर्माचे नव्हे. आणि रात्री तेच नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा.