डावीकडची काच

कसारा घाटात पाऊस सांगून येत नाही. कांद्याच्या गोण्या भरून वाशी मार्केटला निघालेली टाटा २०७ पिकअप उताराला लागलेली असते. केबिनमध्ये चालक एकटा आणि डावीकडची काच उघडी. तिचं हँडल हाताच्या टप्प्यात नाही. भर घाटात रस्त्यावरची नजर काढून तिकडे वाकणारे कमी नाहीत.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली, तिच्याच घराण्यातली ही गाडी. बारा व्होल्टची बॅटरी, दोन दारं, काचांना हँडलं. इंजिन अजून ठणठणीत आहे, म्हणून मालकाला ती विकायची नाही. आज नाशिकला, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात, तिला पॉवर विंडो, म्हणजे मोटरवर वर-खाली होणारी काच, बसतेय.

हँडल निघालं, दाराला आतून बसवलेल्या पॅडच्या क्लिपा सुटल्या. आतला प्लास्टिकचा कागद मिस्त्री फाडत नाहीत, सावकाश सोलतात. काचेवरून दारात उतरणारं पाणी पॅडपर्यंत येऊ न देणारा तोच आहे.

"मोटर कधी लावणार?"

"आधी काच मोकळी चालू दे, दादा."

सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. काच जिच्यात सरकते त्या खाचेच्या, म्हणजे चॅनेलच्या, रबरात वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. जाम काच ओढताना मोटर जास्त करंट घेते, तापते, फ्यूज उडतो आणि बोल मोटरला लागतो. कडक झालेलं रबर मिस्त्रींनी बदललं, बाकीचं पुसून सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस नाही, त्यावर धूळ चिकटते. काच वर-खाली करणाऱ्या जुन्या मशीनवरच मोटर चढवायचं स्वस्त किटही मिळतं, पण इथे मशीनचे दाते झिजलेत. म्हणून मोटरसकट नवी मशीन.

या मोटरला वर्म गिअर असतो. मोटर काच हलवते, पण काच मोटरला उलटी फिरवू शकत नाही. बाहेरून कितीही दाबा, ती खाली सरकत नाही.

आता वायर. दार आणि ते जिथे बिजागरीने लागतं त्या खांबाला भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या, उघड्या पत्र्याला रंग लावला, मग भोकात रबरी ग्रोमेट, वायर कडेला घासू नये म्हणून. दार पूर्ण उघडून वायरला ढील दिली, कारण ती तुटते ती बिजागरीपाशीच. बॅटरीकडून वेगळी जाड लाइन, तिला स्वतःचा फ्यूज, आणि किल्लीवर चालणारा रिले, म्हणजे ती लाइन जोडणारा-तोडणारा स्विच. किल्ली काढली की काच हलायची नाही. बाजारच्या दिवशी या केबिनमध्ये पोरंही बसतात, आणि मधे हात किंवा मान आली म्हणून अशी साधी मोटर आपणहून थांबत नाही. रिलेचे पैसे वाचवू नयेत.

डावीकडच्या काचेला दोन स्विच: एक तिच्या दारावर, एक चालकाजवळ. स्विच वर ओढला की त्याच दोन तारांतले प्लस-मायनस उलटतात आणि मोटर दुसऱ्या बाजूला फिरते.

चालक सीटवर बसतो. किल्ली फिरवतो, समोर बघतो आणि बोटाने स्विच ओढतो. पलीकडे काच घरघरत वर जाते, रबरात घट्ट बसते. तो ती खाली घेतो. पुन्हा वर नेतो.