आधी भुंगेरा, मागोमाग शिकारी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते पाइन वृक्षाच्या सालीवर ऋतूनुसार जमणाऱ्या गर्दीविषयी. साल पोखरणारा भुंगेरा जेमतेम तांदळाच्या कणीएवढा असतो. पण झाडात शिरताना जो गंध सोडून तो आपल्या जातभाईंना बोलावतो, तोच गंध त्याच्या वैऱ्यालाही वाट दाखवतो. हा वैरी म्हणजे थॅनॅसिमस नावाचा दुसरा भुंगेरा. त्याची चाल मुंगीसारखी चपळ असते आणि युरोपातील जातीचा गळा तांबडा व काळ्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात. सालीवर उतरलेल्या भुंगेऱ्याला पकडून तो त्याच्या कवचाच्या सांध्यात जबडा घालतो, तर त्याच्या अळ्या सालीखालील भुयारांत शिरून भुंगेऱ्याच्या अळ्या फस्त करतात. पुन्हा सांगतो: वसंतात आधी भुंगेरा येतो, मागोमाग शिकारी.

या शिकाऱ्याची एक हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात डेंड्रॉक्टोनस, म्हणजे ‘वृक्षहंता’, या भुंगेऱ्याने पाइनची राने वाळवली. अँड्र्यू डेल्मर हॉपकिन्स हे तेथील कीटकशास्त्रज्ञ १८९२ मध्ये थेट जर्मनीला गेले आणि तेथील जंगलांतून थॅनॅसिमस गोळा करून समुद्रापलीकडे घेऊन आले. वास्तविक त्याच वंशाची एक जात अमेरिकेत होतीच. घरचा पहारेकरी सोडून परका आणण्याची ही हौस मला कधीच रुचलेली नाही. पण पुढे जे घडले ते माणसाच्या हिशेबातलेच नव्हते. १८९२-९३ च्या हिवाळ्यात अशी कडाक्याची थंडी पडली की वृक्षहंत्याचाच फडशा उडाला, आणि इतक्या लांबून आणलेल्या पाहुण्याच्या पानात वाढायला काही उरले नाही. तो तेथे रुजला नाही. याच हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये वसंताचे गणित मांडले: उत्तरेकडे एक अक्षांश, पूर्वेकडे पाच रेखांश किंवा ४०० फूट उंची वाढली की वसंतातील घटना सुमारे चार दिवसांनी लांबतात. म्हणजे एकच भुंगेरा डोंगराच्या पायथ्याशी आधी उडतो, माथ्यावर उशिरा.

साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या गंधावर लांब मिशांचे मोनोकॅमस भुंगेरेही येतात. त्यांचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आता दर वसंतात पाइनच्या रानात एकाखाली एक काळी नरसाळी टांगलेले सापळे लावतात, त्यांत वृक्षहंत्याचा गंध आणि पाइनचा गंध ठेवतात, आणि खालच्या भांड्यात पडलेले भुंगेरे व शिकारी वेगवेगळे मोजतात. दोन्ही मोजतात, हे महत्त्वाचे. भुंगेरे पुष्कळ आणि शिकारी थोडे असतील, तर त्या वर्षी उपद्रव वाढण्याची चिन्हे समजतात. शिकाऱ्यांचेच पारडे जड असेल, तर तो ओसरण्याची.