तीन श्वासांची मिठी

(पहाट. कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक.)

पुण्याची एसटी फलाटाला लागलीय. या मावशींच्या हातात वायरची पिशवी, आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पोरगं बॅग टाकून जागा धरतं, परत खाली उतरतं. आता नीट बघा. मिठी, पाठीवर दोन थापा, आणि दोघांची नजर कंडक्टरकडे. झालं.

१९६६ साली अमेरिकेत, अटलांटाच्या विमानतळावर अशीच निरोपाची वेळ होती. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान यांना सोडायला आलेल्या कवयित्रीनं विचारलं, बौद्ध भिक्खूला मिठी मारली तर चालेल का? त्यांच्याकडे तशी रीत नव्हती. तरी ते हो म्हणाले, आणि मिठीत ताठच्या ताठ उभे राहिले. पुढं त्यांनीच विचार केला, या लोकांत काम करायचं तर त्यांची रीतही शिकायला हवी. त्यातून मिठीचं ध्यान आलं.

(रविवार सकाळ. बुद्धविहार.)

वंदना झालीय. बसस्थानकावरच्या त्याच मावशी, समोर त्यांची धाकटी जाऊ. आधी विचारायचं, चालेल ना? मग हात जोडायचे आणि समोर कोण उभं आहे ते डोळे भरून बघायचं. घाई नाही. मग मिठी. पहिला श्वास: आपण दोघी आत्ता इथं आहोत, जिवंत आहोत. दुसरा: तीनशे वर्षांनी आपण कुठं असू? तिसरा: आज दोघी आहोत, हे केवढं मोठं. मिठी सोडली की पुन्हा हात जोडायचे.

पाठ थोपटायची नाही. थोपटताना हात तिथं असतो, मन गाडीत जाऊन बसलेलं असतं.

मावशींचे खांदे बघा. पहिल्या श्वासाला कानाला टेकलेले, तिसऱ्याला खाली आले. बांगड्यांचा आवाजही थांबलाय. बुद्धांनी सांगितलेली अनित्यता एरवी प्रवचनात ऐकायची. इथं ती समोरच्याच्या बरगडीतून कळते.

(विहाराची भिंत. बाबासाहेब आणि शाहू महाराजांच्या तसबिरी.)

इथून जवळच माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. इथं जमलेल्यांच्या पणज्यांची सावलीसुद्धा लोकांना चालत नव्हती. त्यांच्या घरातली माणसं आज विहारात उराउरी भेटतात, म्हणून ही मिठी मला फार मोलाची वाटते.

दोघी जावांचा वर्षभराचा अबोला सुटला. आता भिशीला बरोबर जातात.

(पुन्हा बसस्थानक. महिन्यानंतर.)

तीच पुण्याची गाडी.

"आई, गाडी सुटंल."

"सुटू दे. थांब जरा."

एक.

दोन.

(कंडक्टरची घंटी. कॅमेरा हळूहळू खाली येतो. मावशींची पिशवी फलाटावर ठेवलेली. निवेदन नाही.)