मुक्काम बदलला की निर्णय बदलतो

वर्षभर उष्ण कटिबंधात पाठीला सॅक लावून हिंडायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच असतो : मलेरिया होऊ नये म्हणून गोळी घेऊ की नको? आज विषयही तोच आहे. कोणतं औषध कोणाला, ते सांगतोच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या.

प्रत्येक मुक्कामावर एक मुरलेला प्रवासी भेटतो. ‘इतके महिने फिरतोय, एक गोळी घेतली नाही, काही झालं नाही!’ हा कोणाकोणाला भेटलाय? वर करा हात. अरे वा, निम्मं सभागृह! चांगलं हिंडता की तुम्ही. आता सांगा, ज्याला मलेरिया झाला तो तिथे गप्पा मारत बसलेला असेल का? तो इस्पितळात असतो, नाहीतर घरी परतलेला.

आफ्रिकेत मलावी सरोवराकाठी आमच्या गटात एक मुलगी होती. झोपताना मलेरिया टाळायची डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल, घोटभर पाणी, की लगेच आडवी. काही दिवसांत छातीत अशी आग की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी निकाल दिला, ‘औषधच वाईट, सोडून दे.’ तिने सोडलं. अहो, कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करत होती! जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास ताठ बसायचं. एवढं एक वाक्य ना लिहून देणाऱ्याने सांगितलं, ना विकणाऱ्याने. पुढे एका डॉक्टरने औषध बदलून दिलं. पण तोवर ऐन पावसाळ्यात ती औषधाच्या संरक्षणाविना होती. मला याचा अजून राग येतो.

चिठ्ठी आली, वेळ संपतेय. भराभर सांगतो.

अख्ख्या वर्षाचा एकच निर्णय करू नका, मुक्कामागणिक करा. पेरूतलं कुस्को उंचावर आहे, तिथे मलेरिया नाही. खाली ॲमेझॉनच्या जंगलात, इकितोसला गेलात की आहे. बँकॉक शहरात गोळी लागत नाही. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या रानात राहणार असाल तर डॉक्टरांना विचारा. तिथे मेफ्लोक्विन या गोळीला मलेरियाचा परजीवी दाद देत नाही. घाना, युगांडा, मलावी : वाद नको, गोळी घ्यायचीच.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण मलेरियाचा भाग सोडल्यावर ७ दिवसच घ्यावं लागतं, म्हणून छोट्या टप्प्यांना बरं. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, लांब मुक्कामाला परवडतं. मात्र त्यावर ऊन बाधतं आणि बाहेर पडल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायचं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. नैराश्य किंवा फिट्स कधी आल्या असतील तर नकोच. गोळी घेतली तरी सांजेपासून पहाटेपर्यंत अंग झाकणं, डास पळवणारं डीट लावणं आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचणं चुकत नाही.

आणि ताप. धोक्याच्या भागात पोचून ७ दिवस झाले की कुठलाही ताप मलेरियाच समजा, २४ तासांच्या आत रक्त तपासा. निकाल निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही, तर पुन्हा तपासा. व्हायवॅक्स जातीचा मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो. या तिन्ही गोळ्यांनी तो तिथून निघत नाही आणि परतल्यावर कित्येक महिन्यांनीही उसळतो. तेव्हा घरी आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठेकुठे राहिलात ते आधी सांगा.