कपूर आयोग : दहा दिवसांचा हिशेब

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘गांधीहत्येचा फेरतपास : एक मूल्यमापन’ असा छापलेला आहे. फेरतपास का झाला, त्यात काय सापडले आणि त्यातील एका गाजलेल्या परिच्छेदाचे काय करायचे, असे तीन भाग मी ठरवून आलो आहे. आपल्यापैकी बरेचजण तिसऱ्या भागासाठी आले आहेत याची मला कल्पना आहे. तरीही दुसऱ्या भागावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते कपूर आयोगाच्या अहवालाचा जीव तिथे आहे आणि नेमका तोच भाग कोणी वाचत नाही.

हे मी अनुभवाने बोलतो. कायद्याचा अध्यापक म्हणून नोकरीला लागलो त्या काळात न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाचा अहवाल मी एका जुन्या ग्रंथालयात मागितला. ग्रंथपालांनी किल्ली शोधली, कपाट उघडले आणि दोन जाड खंड फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेले तारखांचे कार्ड पूर्ण कोरे होते. त्याच आठवड्यात, त्याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, दोन सुशिक्षित गृहस्थ या अहवालावरून हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणत होते की आयोगाने सगळे सिद्ध केले आणि दुसरे म्हणत होते की आयोग हा राजकीय बनाव होता. खंड दहा पावलांवर होते आणि दोघांपैकी एकानेही ते मागवले नव्हते. त्या गोष्टीला चाळीस वर्षे होत आली, आता अहवाल घरबसल्या वाचता येतो, आणि तरीही वादाची पद्धत बदललेली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. महाराष्ट्रात या विषयावर कित्येक घरांत १९४८ नंतर बोलणेच थांबले. त्याची कारणे या सभागृहात नव्याने सांगायला नकोत. ज्या विषयावर बोलणे थांबते, त्यावर वाचणेही थांबते असे मला वाटते.

आता पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. लाल किल्ल्यातील खटल्याचा निकाल न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप झाली आणि सावरकर निर्दोष सुटले. अपिलात त्या पाचांपैकी डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या हे दोघे सुटले. निकालपत्रातच न्यायाधीशांनी केंद्र सरकारचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले होते. २० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी दिल्लीत जिथे राहत होते त्या बिर्ला भवनात स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, त्याने पोलिसांना बरेच काही सांगितले, आणि तरीही ३० जानेवारीपर्यंतच्या तपासात पोलिसांनी ढिलाई केली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ही तक्रार सोळा वर्षे तशीच पडून राहिली.

ती उकरून निघाली पुण्यात. ऑक्टोबर १९६४ मध्ये जन्मठेपेतले उरलेले तिघे, गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल, तुरुंगातून सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात सत्यविनायकाची पूजा आणि त्यांचे स्वागत असा समारंभ झाला. अध्यक्षस्थानी ग. वि. केतकर होते, लोकमान्यांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक. कटाची कुणकुण आपल्याला आधीच लागली होती आणि बाळूकाका कानेटकरांमार्फत आपण ती मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, बाळासाहेब खेर यांच्यापर्यंत पोहोचवली होती, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांत ते छापून येताच विधानसभा आणि संसद दोन्ही पेटल्या. मार्च १९६५ मध्ये गोपाल स्वरूप पाठक यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. पुढे ते मंत्री झाले आणि २१ नोव्हेंबर १९६६ रोजी ते काम सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश कपूर यांच्याकडे आले. त्यांनी १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागदपत्रे पाहिली आणि १९६९ मध्ये अहवाल दिला.

आयोगाला विचारलेले प्रश्न मुद्दाम लक्षात ठेवा. केतकर किंवा इतर कोणाला कटाची आगाऊ माहिती होती काय, ती सरकारला कळवली होती काय, आणि कळवली असल्यास सरकारने काय केले? कट कोणाचा होता, हा प्रश्न त्यात नव्हता. शिवाय ज्या तीन माणसांभोवती हे प्रश्न विणलेले होते, त्यांपैकी खेर आणि कानेटकर हे दोघे तोवर वारले होते. उरलेल्या एकाच्या शब्दावर ते कसे ठरणार? केतकरांना माहिती होती, पण त्यांनी ती कानेटकरांमार्फत खेरांना कळवल्याचे सिद्ध होत नाही, अशा निष्कर्षावर आयोग येऊन थांबला. म्हणजे ज्या विधानामुळे आयोग जन्माला आला, त्याची तड जेमतेमच लागली. परंतु त्या निमित्ताने पोलिसांची दप्तरे उघडली, अधिकाऱ्यांना पिंजऱ्यात उभे राहून उत्तरे द्यावी लागली, आणि दिल्ली, मुंबई, पुणे या तीन शहरांमध्ये दहा दिवसांत माहिती कशी फिरली याचा तपशील कागदावर आला. सरकारी फेरतपासाची परीक्षा करताना नवा आरोपी सापडला की नाही हे मी आधी विचारत नाही. कोणता कागद कोणाच्या हातात कोणत्या तारखेला होता हे कळले काय, असे विचारतो. आज मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

मुंबईपासून सुरुवात करू. रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी निर्वासित मदनलालला आपली पुस्तके विकण्याचे काम दिले होते. मदनलालने त्यांच्याजवळ कटाचे बोलून दाखवले होते आणि जैनांनी ते बडबड समजून सोडून दिले होते. २१ जानेवारीला वर्तमानपत्रात स्फोटाची बातमी वाचून ते हादरले आणि त्याच दिवशी खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन भेटले. मोरारजींनी संध्याकाळी अहमदाबादला जाताना, मुंबई सेंट्रल स्थानकावर, पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना ती हकीकत सांगितली. इथवर यंत्रणा वेगाने हलली हे मान्य केले पाहिजे.

दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला पोहोचले आणि नगरवालांना भेटले. ते काय सांगून गेले याबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे जुळत नाही. दिल्लीकर म्हणतात, आम्ही पुण्याच्या वर्तमानपत्राच्या संपादकाचाही उल्लेख केला. नगरवाला म्हणतात, मला एकच नाव सांगितले गेले, ‘किरक्री’. आपण मराठी माणसे हे नाव ऐकताच करकरे म्हणून ओळखू. उर्दूत लिहिणाऱ्या दिल्लीच्या अंमलदाराला ते आडनाव असे ऐकू आले, यात त्याचा दोष फारसा नाही. पण शेजारी कोणी मराठी जाणणारा बसवला असता तर? तो साधा उपायही कोणाला सुचला नाही.

२४ तारखेपर्यंत मदनलालचे सविस्तर निवेदन तयार झाले. त्यात पुण्याच्या वर्तमानपत्राचा उल्लेख ‘हिंदू राष्ट्रीय’ अशा किंचित चुकलेल्या नावाने होता. आता जरा हा कागद पाहा. माझ्या आजोबांच्या पेटीतला हा चाळीसच्या दशकातला मराठी दैनिकाचा एक अंक आहे. मागील बाजूला खाली, मुंगीच्या पावलांसारख्या टाइपात, एक ओळ आहे : हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पेठेत प्रसिद्ध केले, संपादक अमुक. कायद्याने ही ओळ छापावीच लागे. पुण्याच्या ‘हिंदू राष्ट्र’चे संपादक नथुराम गोडसे होते आणि आपटे व्यवस्था पाहत. ते पत्र आधी ‘अग्रणी’ या नावाने निघे आणि सरकारने त्याच्याकडून जामीनही मागितला होता, म्हणजे ते सरकारदरबारी अनोळखी नव्हते. शिवाय दिल्लीच्या मरीना हॉटेलात हे दोघे देशपांडे या आडनावाने उतरले होते आणि तिथे मागे राहिलेल्या धुण्याच्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी धोब्याची खूण होती. एक आणा देऊन त्या दैनिकाचा अंक विकत घेतला असता आणि त्या खुणेशेजारी ठेवला असता तर नाव पूर्ण झाले असते.

आणि आता मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट सांगतो. पुण्याच्या गुप्तचर शाखेचे उपमहानिरीक्षक राणा त्या दिवसांत योगायोगाने दिल्लीतच होते. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख संजीवी यांनी २५ जानेवारीला मदनलालच्या निवेदनाची प्रत त्यांच्या हातात दिली. ज्या माणसाच्या कचेरीत पुण्याच्या प्रत्येक पत्राची माहिती होती, त्याच्याच हातात हा कागद आला. राणांनी विमानाने जायचे टाळले. ते आगगाडीने, तेही अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ तारखेला मुंबईला पोहोचले. तिथे त्यांनी नगरवालांना निवेदन दाखवले, पण नगरवालांनी ते नीट वाचूनही काढले नाही, कारण हा गांधीजींना पळवून नेण्याचा बेत आहे अशी त्यांची तोवर ठाम समजूत झाली होती. २३ तारखेपासून गोडसे आणि आपटे मुंबईतच होते आणि २५ तारखेला कटवाल्यांची ठाण्यात बैठकही झाली. ज्या २७ जानेवारीला निवेदनाची प्रत आगगाडीने मुंबईत येत होती, त्याच २७ जानेवारीला गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथे पिस्तूल, २९ तारखेला पुन्हा दिल्ली. हत्येनंतर मात्र दुसऱ्याच दिवशी, ३१ तारखेला, कटातल्याच दिगंबर बडगेला पुण्यात अटक झाली, म्हणजे हात पोहोचू शकत होते.

ओळखू शकतील असे पुण्या-मुंबईचे साध्या वेषातले पोलीस बिर्ला भवनात उभे करायला हवे होते, हा आयोगाचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी नकार दिला होता हे खरे आहे, पण ओळखीचे चेहरे टिपायला कोणाची झडती घ्यावी लागत नाही. अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : ३० तारखेनंतर खुनाच्या तपासाची सूत्रे नगरवालांकडेच दिली गेली. ज्याच्या दहा दिवसांबद्दल प्रश्न होते त्याच्याच हाताखाली खटल्याची फाइल तयार झाली, म्हणून १९४८-४९ च्या खटल्यात हा सारा भाग अंधारात राहिला, आणि म्हणूनच आयोग उशिरा का होईना नेमला गेला हे योग्य झाले, असे माझे मत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा तिसरा भाग आता भराभर घेतो.

सर्व तथ्ये एकत्र घेतली तर सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या कटाखेरीज दुसरा कोणताही तर्क टिकत नाही, अशा आशयाचे वाक्य आयोगाने लिहिले आहे. खटल्यात माफीचा साक्षीदार बडगे याच्या सावरकरांविरुद्धच्या सांगण्याला स्वतंत्र पुष्टी नव्हती, म्हणून ते सुटले आणि सरकारने त्यावर अपील केले नाही. आयोगापुढे मात्र सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांनी मार्च १९४८ मध्ये मुंबई पोलिसांना दिलेले जबाब आले, आणि त्यांत गोडसे-आपट्यांच्या भेटींचा तपशील होता. हे जबाब गंभीर आहेत, ते झटकून टाकणे प्रामाणिक नव्हे. पण पोलिसांपुढचा जबाब म्हणजे उलटतपासणी झालेली साक्ष नव्हे. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले, म्हणजे कपूरांच्या नेमणुकीच्या नऊ महिने आधी, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी उरले नव्हते. आणि कट कोणाचा हे आयोगाला विचारलेलेही नव्हते. त्या वाक्याला दोषसिद्धीचे वजन देता येत नाही. त्याऐवजी मला पडणारा प्रश्न वेगळा आहे : हे दोन जबाब १९४८ मध्ये हातात असताना सरकारी पक्षाने त्या दोघांना लाल किल्ल्यात साक्षीला का उभे केले नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा आयोगाने करायला हवा होता, आणि तो न करणे ही माझ्या दृष्टीने अहवालातली सर्वांत मोठी उणीव आहे.

पुन्हा फेरतपास व्हावा काय? गांधीजींवर तीन नव्हे, चार गोळ्या झाडल्या गेल्या हा चौथ्या गोळीचा मुद्दा घेऊन मुंबईहून एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणारा तटस्थ वकील, नेमले, त्यांनी गरज नसल्याचे सांगितले आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली. मला तो निर्णय योग्य वाटतो. आता साक्षीदार उरलेले नाहीत, उरले आहेत ते कागद, आणि कागद वाचायला आयोग लागत नाही.

२० ते ३० जानेवारीच्या घटनांची अहवालातली पाने मी छायाप्रती काढून आणली आहेत. दाराजवळच्या टेबलावर त्यांचे गठ्ठे ठेवले आहेत, प्रत्येकाने जाताना एक घ्यावा. २७ तारखेचे पान सर्वांत वर आहे.