पानाच्या तळाची ओळ

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. औद्योगिक वसाहतींतल्या छापखान्यांकडून आलेल्या गाड्या गठ्ठे टाकून पुढे सिन्नर, येवला, मालेगावच्या वाटेला लागल्या आहेत, आणि नाशिकच्या चौकाचौकांत गोणपाटावर बसलेले विक्रेते मुख्य अंकात पुरवण्या घालत आहेत. डाव्या हाताच्या अंगठ्याने अंक उघडायचा, उजव्या हाताने पुरवणी सरकवायची, त्यात एखाद्या क्लासचे पत्रक टाकायचे आणि घडी घालून अंक बाजूला रचायचा. हे सगळे बोलता बोलता, अंकाकडे न पाहता चाललेले असते. सायकलीवरून घरोघरी अंक पोहोचवण्याच्या या कामाला ‘लाईन टाकणे’ म्हणतात. वृत्तपत्राच्या धंद्यात आणखी एक लाईन असते. ती रोज छापली जाते, पण ती वाचणारा वाचक क्वचितच भेटतो.

बहुधा शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, अंकातल्या सर्वांत बारीक टाइपात ती असते. अमुक यांच्या मालकीचे हे पत्र मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी या ठिकाणी छापून त्या ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक हे, आणि संपादकाच्या नावापुढे, वृत्तनिवडीची कायदेशीर जबाबदारी त्यांची असल्याची टीप. छापखान्यातली माणसे हिला प्रिंटलाईन म्हणतात. ही ओळ 1867 च्या कायद्याची देणगी आहे. आक्षेपार्ह मजकुरासाठी कोणाला धरायचे हे इंग्रज सरकारला ठाऊक असावे, हा तिचा मूळ हेतू. तो कायदा तब्बल दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला आणि 1 मार्च 2024 पासून नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. मधल्या काळात, 1956 च्या नियमांनी, वाचकाच्याही उपयोगाची एक सोय केली होती. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ‘फॉर्म 4’ नावाचा चौकोन छापावा लागे, आणि त्यात मालकांची व एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे द्यावी लागत. सोय होती, पण तो चौकोन बहुधा अशा कोपऱ्यात जाई की तो शोधण्यापेक्षा शब्दकोडे सोडवणे सोपे.

आता आपण टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. त्याची स्थापना 1840 ची, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केल्यानंतर अवघ्या आठ वर्षांची. अशा वाचनालयाच्या टेबलावर एकाच दिवसाचे सगळे अंक शेजारी शेजारी मांडले आणि मथळे सोडून फक्त तळाच्या ओळी वाचल्या, तर मराठी वृत्तपत्रसृष्टीचा एक वेगळाच नकाशा दिसू लागतो.

‘गांवकरी’ हे इथल्या मातीतले पत्र. दादासाहेब पोतनीसांनी स्वातंत्र्यपूर्व काळात साप्ताहिक म्हणून ते सुरू केले, पुढे त्याचे दैनिक झाले, आणि याच घराण्याच्या ‘रसरंग’ व ‘अमृत’ या नियतकालिकांनी नाशिकचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. ‘देशदूत’ सारडा कुटुंबाचे, आणि सारडा हे नाव सिन्नरच्या विडी उद्योगाशी जोडलेले. ‘सकाळ’ 1 जानेवारी 1932 रोजी पुण्यात डॉ. नानासाहेब परुळेकरांनी काढला आणि 1980 च्या दशकात तो पवार कुटुंबाकडे आला. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचे, ज्या कुटुंबाने राज्याला मंत्री आणि संसदेला खासदारही दिला. ‘लोकसत्ता’ 1948 पासून इंडियन एक्स्प्रेस समूहाचे, ‘महाराष्ट्र टाइम्स’ 1962 पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ काढणाऱ्या बेनेट कोलमनचे. 2011 मध्ये मराठीत आलेल्या ‘दिव्य मराठी’ची मालक कंपनी तर शेअर बाजारात नोंदलेली आहे. विडी, राजकारण, इंग्रजी वृत्तपत्रसमूह, शेअर बाजार. टेबल एकच, आणि त्यावर भांडवलाच्या इतक्या जाती.

मालकाचे राजकारण उघड असले म्हणजे पत्र वाईटच, असे मानण्याचे कारण नाही. 1988 मध्ये निघालेला ‘सामना’ कोणत्या पक्षाचा आहे, हे सांगायला कोणत्याही चौकोनाची गरज पडली नाही. वाचक ते धरूनच तो वाचतो. खरी अडचण होते ती तटस्थतेचा अंगरखा घातलेल्या पत्राची, कारण त्यातली न छापलेली बातमी वाचकाला दिसत नाही. आणि मालक व्हायला घराणेच लागते असेही नाही. मुंबईत वृत्तपत्रांच्या वितरणात आयुष्य घालवलेल्या मुरलीधर शिंगोटे यांनी ‘पुण्यनगरी’ उभे केले. लाईन टाकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस प्रिंटलाईनमध्ये पोहोचल्याचे हे उदाहरण आहे, आणि ते दुर्मीळच म्हणायला हवे.

छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवावे, हा विचार सरकारने एकदा करून पाहिला होता. 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश यांनी किंमत आणि पाने यांची सांगड घातली. जास्त पाने द्यायची, तर किंमत वाढवा. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा अंकाला 7 पैसे घेऊन आठवड्याला 34 पाने देत होता. नव्या हिशेबाने त्या किमतीत 24 पानेच देता आली असती, किंवा अंक 8 पैशांना विकावा लागला असता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1961 मध्ये न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मजकूर किती द्यायचा आणि तो किती लोकांपर्यंत न्यायचा हेही आले, असे न्यायालय म्हणाले. एका मराठी दैनिकाने देशातल्या सगळ्या वृत्तपत्रांसाठी जिंकलेली ही लढाई आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. मात्र त्या दिवसापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या पत्राला मोठ्या समूहाशी उघड्या मैदानात लढावे लागले, हेही त्याच निकालाच्या पोटात होते.

मोठे समूह जिल्ह्यात उतरले ते स्थानिक आवृत्ती घेऊन. पानाचा आकार मात्र त्यांनी बदलला नाही. ब्रॉडशीट म्हणजे आठ कॉलमांचे मोठे पान. टॅब्लॉइड त्याच्या निम्मे. लंडनच्या ‘गार्डियन’ने 2005 मध्ये मधला बर्लिनर आकार घेतला, त्यासाठी खास यंत्रे उभारली, आणि 2018 मध्ये खर्च झेपेना म्हणून टॅब्लॉइड होऊन छपाई दुसऱ्याच्या छापखान्यात नेली. आपल्याकडे टॅब्लॉइड मुख्यतः सायंदैनिकांचा आकार राहिला. सकाळी निघणाऱ्या दैनिकांनी मोठे पान सोडले नाही, कारण जाहिरात चौरस सेंटिमीटरवर विकली जाते आणि पहिल्या पानावर चढवलेल्या पूर्ण पानाच्या ‘जॅकेट’चा रुबाब छोट्या पानाला येत नाही. बदल झाला तो पानांच्या आत. मालेगावचे पान मालेगावला, इगतपुरीचे इगतपुरीला. गावातल्या सत्काराचा फोटो छापून येऊ लागला, हे चांगलेच झाले. पण सुरगाण्यातल्या पाणीटंचाईची बातमी सुरगाण्याच्याच पानावर राहिली, तर नाशिक शहरातला वाचक ती पाहणार कशी?

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येईल. अंकाच्या किमतीतून कागदाचा खर्चही धड निघत नाही. विक्रेत्याचे कमिशन त्यातूनच जाते. उरलेला भार जाहिरात उचलते. मोठ्या दैनिकाला बांधकाम व्यावसायिक, सराफ आणि मोटारी. छोट्याला शासनाच्या निविदा, वकिलांच्या जमिनीविषयीच्या जाहीर नोटिसा आणि पुण्यस्मरणाचे चौकोन. राज्य शासनाच्या जाहिरात यादीवर अ, ब, क अशा श्रेणी असतात, आणि यादीतले स्थान टिकवण्याची काळजी अनेक छोट्या संपादकांना अग्रलेखापेक्षा जास्त असते. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर तर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखा असलेला स्तुतिपर मजकूर बातमी म्हणून आल्याचे उघड झाले, आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द मराठी वाचकाच्या घरात शिरला. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने या प्रकाराची चौकशी केली. त्या मजकुरासाठी कोण जबाबदार, हे मात्र प्रत्येक अंकाच्या तळाशी आधीपासूनच छापलेले होते.

आज दुपारी लासलगावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर कांद्याच्या भावाचे कात्रण येते. तीन कॉलमी मथळा, खाली फोटो, आणि कडा नीट कापलेल्या. ते एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, चांदवडहून निफाडला, निफाडहून कळवणला फिरत राहते. त्यावर तारीख नसते, वृत्तपत्राचे नाव नसते. तळाची ओळ तर शेवटच्या पानावरच राहून गेलेली असते. ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतो, “हे कोणत्या पेपरात आलंय?” खाली दोन अंगठे येतात, एक नमस्कार येतो, आणि पुढचे कात्रण पडते.