कागद, कोपरे आणि दहापैकी आठ

(पडद्यावर: बेसबॉलपटूचं फाटकं, पिवळट कार्ड. कॅमेरा फाटलेल्या कडेवर थांबतो.)

२०२१ साली अमेरिकेतल्या एका लिलावात एक कार्ड विकायला आलं. कार्ड तरी कसं म्हणायचं? कधीतरी फाटून निम्मंच उरलेलं. त्या निम्म्या कार्डाला बोली लागली जवळजवळ ४ लाख ७६ हजार डॉलरची. तेव्हाच्या दराने साडेतीन कोटी रुपये!

कार्डावरचा माणूस होनस वॅग्नर. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा जे पाच खेळाडू निवडले, त्यांतला एक. हे कार्ड अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या संचातलं. सिगारेटचं पाकीट विकत घेतलं की आत एक कार्ड फुकट. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे सिगारेटची जाहिरात. आकार आगपेटीपेक्षा थोडा मोठा. संचात पाचशेहून जास्त कार्डं आहेत आणि त्यातली बरीचशी आजही बऱ्यापैकी सापडतात. वॅग्नरची मात्र सगळ्या जगात मिळून साठाच्या आसपास.

का? तर वॅग्नरने आपलं चित्र छापायला नकार दिला आणि छपाई अर्ध्यात थांबली. नकार का दिला, यावर दोन कथा सांगतात. एक अशी, की कार्डांच्या नादाने पोरं सिगारेटी घेतील हे त्याला पटलं नाही. दुसरी अशी, की कंपनी पुरेसे पैसे द्यायला तयार नव्हती. पहिली कथा ऐकायला छान वाटते, म्हणून तीच जास्त सांगितली जाते. वॅग्नर स्वतः मात्र तंबाखू चघळायचा.

(पडद्यावर: न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम. जुन्या अल्बमची पानं.)

या संचाला संग्राहक 'टी-२०६' म्हणतात. हे नाव कंपनीचं नाही. सिरॅक्यूजमधल्या जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाचं आहे. संधिवाताने बोटं आखडलेला हा एकटा माणूस आयुष्यभर छापील कागद जमवत राहिला: सिगारेटची कार्डं, चहाची कार्डं, शुभेच्छापत्रं, पोस्टकार्डं. कोणी जाहिरातीसाठी फुकट वाटलेलं आणि कोणी फेकून दिलेलं, असं सगळं. त्याने त्याची सूची केली, प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी'. तीन लाखांहून जास्त नग त्याने मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच बसून ते अल्बममध्ये लावले. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं. मार्चमध्ये तो गेला.

आता यातली गंमत बघा. बर्डिकने कार्डं लावली म्हणजे चिकटवली. डिंकाने. वॅग्नरसुद्धा. आजच्या संग्राहकाला हे ऐकूनच घाम फुटेल, कारण मागच्या बाजूला डिंकाचा डाग म्हणजे कार्डाची किंमत निम्म्याहून खाली. ज्याने या छंदाला व्याकरण दिलं, त्याच्या लेखी कार्ड ही बघायची, लावायची, ओळीत बसवायची वस्तू होती. कोपरा दुमडला आहे का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

तो प्रश्न पुढे पडला.

(पडद्यावर: १९५२ चं टॉप्स कार्ड. निळं आकाश, खांद्यावर बॅट घेतलेला मिकी मँटल.)

ब्रुकलिनची टॉप्स कंपनी च्युइंगगम विकायची. तिथल्या साय बर्जर यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ चा संच आखला. आधीपेक्षा मोठं कार्ड, रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, मागे आकडेवारी. त्या संचातला शेवटचा गट बाजारात यायला हंगाम सरत आला होता. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. बर्जर पुढे सांगायचे, की १९६० साली गोदामातली ती खोकी त्यांनी बार्जवर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर अटलांटिकमध्ये टाकून दिली. कोणी फुकटसुद्धा घेईना, म्हणून.

त्याच शेवटच्या गटातलं पहिलं कार्ड, क्रमांक ३११, बेसबॉलपटू मिकी मँटलचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. सुमारे शंभर कोटी रुपये. विकणाऱ्याने ती १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली होती. आणि हे मँटलचं पहिलं कार्डही नाही बरं का. त्याचं 'रूकी कार्ड' १९५१ चं, बोमन कंपनीचं. जाणकार हे सांगून सांगून थकले, पण बाजाराचं मन १९५२ वर बसलं ते बसलं.

आता मुद्द्याचा आकडा. दीड वर्ष आधी, जानेवारी २०२१ मध्ये, याच कार्डाची दुसरी एक प्रत ५२ लाख डॉलरला गेली होती. चित्र तेच, साल तेच. त्या प्रतीला दहापैकी ९ गुण होते. शंभर कोटींच्या प्रतीला साडेनऊ. मधल्या काळात बाजार हलला, गुण देणाऱ्या कंपन्याही वेगळ्या. हे सगळं मान्य. तरी अर्ध्या गुणाची ही किंमत डोळ्यांत भरतेच.

(पडद्यावर: दिव्याखाली धरलेलं कार्ड. हातात भिंग.)

हे गुण देण्याच्या कामाला म्हणतात ग्रेडिंग. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात पीएसए नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या मागे असलेल्या मंडळींनी हाच धंदा आधी जुन्या नाण्यांत करून पाहिला होता. कल्पना सोन्यावरच्या हॉलमार्कसारखी: विकणारा आणि घेणारा, दोघांचाही नसलेला तिसरा माणूस मालाची प्रत ठरवणार.

काम कसं चालतं ते जवळून बघू. कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग अर्धवट कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पाठवायचं. फार टणक पाकीट नको, कारण बाहेर काढतानाच कोपरा मार खातो. तपासणारा चार गोष्टी बघतो. पहिली सेंटरिंग, म्हणजे चित्र मधोमध छापलंय का. डावीकडची पांढरी पट्टी आणि उजवीकडची पट्टी मोजायची. ५०-५० असेल तर उत्तम. ५५-४५ च्या पलीकडे गेलं, की पीएसएकडून दहा मिळायची आशा सोडायची. दुसरी गोष्ट कोपरे. भिंगाखाली कोपऱ्यावर बारीकसा पांढरा ठिपका दिसला, म्हणजे वरचा छापील थर उडून आतला कागद उघडा पडलाय. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. तिसरी गोष्ट कडा. चौथी पृष्ठभाग, आणि तो सरळ बघून कळत नाही. कार्ड दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवायचं. छपाईच्या रोलरने ओढलेली रेघ, बोटाचा ठसा, केसाएवढा ओरखडा उजेड आडवा पडल्यावरच उठून दिसतो.

मग लेबल, त्यावर गुण आणि क्रमांक, आणि पारदर्शक कडक डबी. तिची जोड अशी वितळवलेली, की फोडल्याशिवाय उघडत नाही. याला म्हणतात 'स्लॅब'. स्लॅबमध्ये नसलेलं कार्ड ते 'रॉ'. कार्डाची कड कापलेली, रंगवलेली किंवा घासलेली आढळली, तर नियमाने त्याला आकडा मिळत नाही. फार तर खरं असल्याचा शेरा मिळतो.

हा नियम लक्षात ठेवा, कारण पीएसएने तपासलेल्या पहिल्याच कार्डाची गोष्ट आता येते आहे.

(पडद्यावर: वॅग्नरचं कार्ड, धारदार कडा, नारिंगी पार्श्वभूमी.)

क्रमांक ००००००१. होनस वॅग्नर, टी-२०६. दहापैकी आठ. त्याच्याही ऐंशी वर्षं आधी सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड इतकं कोरं कसं? १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ते २५ हजार डॉलरला घेतलं होतं. दोनच वर्षांत ते १ लाख १० हजारांना पुढे गेलं. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून ४ लाख ५१ हजार मोजले. नव्या ग्रेडिंग कंपनीला असं कार्ड हवंच होतं आणि कार्डालाही असं लेबल. दोघांचं बस्तान एकमेकांच्या आधाराने बसलं.

पुढे वॉलमार्टने ते बक्षीस म्हणून ठेवलं. १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका पोस्टाच्या कर्मचारी बाईला ते लागलं. बक्षिसावर कर भरावा लागतो, तो भरण्यासाठी तिने कार्डच विकलं. २००० मध्ये किंमत साडेबारा लाख डॉलरच्या वर, २००७ मध्ये २८ लाख. मालकांची ही सगळी रांग एका आकड्यावर विश्वास ठेवून पैसे मोजत होती.

आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने कोर्टापुढे कबूल केलं, की कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. वाकडी, झिजलेली कड छाटून सरळ केली, आणि कार्ड कोरं दिसायला लागलं. त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली ती लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवल्याच्या प्रकरणात. पण संग्राहकांच्या जिव्हारी लागली ती कडेची कबुली. कुजबुज वर्षानुवर्षं होतीच. हात लावून मोजायचं म्हटलं, तर मधे डबी!

माझं मत विचाराल, तर यावरून ग्रेडिंग म्हणजे निव्वळ थोतांड असं म्हणता येणार नाही. ग्रेडिंग नव्हतं, तेव्हा प्रत्येक विक्रेता आपलं कार्ड 'एकदम नवंकोरं' म्हणूनच खपवायचा. पण लेबल हे शेवटी माणसाचं मत आहे. म्हणून तर कित्येक जण स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात. ९ चं १० झालं तर दिवाळी, ८ झालं तर बोंबला.

(पडद्यावर: गोदामातली खोकी. मग २०२१ च्या बातम्या.)

मधला एक काळ भरभर सांगतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी 'जुन्या कार्डांनी लोक श्रीमंत झाले' अशा बातम्या आल्या आणि जो तो खोकीच्या खोकी साठवायला लागला. कंपन्यांनीही छापछाप छापलं. १९८९ च्या अपर डेकच्या संचातलं केन ग्रिफी ज्युनिअरचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड सोडलं, तर त्या काळातल्या बहुतेक मालाला आज रद्दीचा भाव आहे. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी? नंतर कंपन्यांनी आकडा घातलेली मोजकी कार्डं काढली, दहाच प्रती, एकच प्रत, आणि टंचाई मुद्दाम तयार केली.

कोविडच्या काळात पुन्हा तीच लाट. मार्च २०२१ मध्ये पीएसएकडे इतका ढीग साचला, की त्यांनी बहुतेक नवी कामं घेणंच थांबवलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणं बंद केलं. मायकल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कार्ड, गुण दहा, जानेवारी २०२१ च्या अखेरीस ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं होतं. वर्ष-दोन वर्षांत तेच दोन लाखांच्या आसपास आलं. या कार्डाच्या दहा गुणांच्या प्रती तीनशेहून जास्त आहेत. कंपनी हा आकडा स्वतःच जाहीर करते, 'पॉप रिपोर्ट' म्हणून. तो कोणालाही बघता येतो, पण तेजीत बघतो कोण?

(पडद्यावर: मोबाइलवर कार्डांची खरेदी. थेट प्रक्षेपणात पाकिटं फोडणारा विक्रेता.)

खरेदीचा आजचा सगळ्यात गजबजलेला प्रकार म्हणजे 'ब्रेक'. विक्रेता महागडं खोकं कॅमेऱ्यासमोर फोडतो. गिऱ्हाइकांनी आधीच पैसे भरून एकेक संघ घेतलेला असतो. त्या संघाचं जे निघेल ते त्याचं. निघालं तर लाखाचं, नाहीतर काहीच नाही. याला छंद म्हणायचं की मटका, हे तुम्हीच ठरवा. मी तरी खेळाडू ठरवून, सुटं कार्ड घ्यावं म्हणेन.

आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं शाळेच्या बाकाखाली खेळून खेळून मऊ केली. ती स्लॅबमध्ये घालण्याच्या लायकीची उरलेली नाहीत, आणि ते बरंच झालं. पण आज भारतात बसून जॉर्डनचं किंवा एखाद्या क्रिकेटपटूचं कार्ड मागवणारे आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी. विक्रेता काय मागतो ते बघू नका, तेच कार्ड त्याच गुणांना गेल्या महिन्यात कितीला विकलं गेलं ते बघा. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं कार्ड जुळवून घ्या, कारण स्लॅबसुद्धा नकली येतात, आणि खऱ्या कार्डाचा क्रमांक चोरून छापणंही अवघड नाही. रॉ कार्डाचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. जो तो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. आणि ग्रेडिंगला पाठवण्याआधी हिशेब मांडा: एका कार्डाची फी, वर जायचं-यायचं कुरिअर, विमा, कस्टम. हजार-पंधराशे रुपयांच्या कार्डाला हा खर्च झेपत नाही. ते साध्या पिशवीत घाला आणि उन्हापासून, दमटपणापासून लांब ठेवा. कोकणात राहत असाल, तर पावसाळ्यात कार्डाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.